पाव मैल आणि अर्धी गोष्ट

आरएक्स हंड्रेड, रिकामा रस्ता आणि रात्रीचा दीड. नव्वदच्या दशकातल्या त्या शर्यतींच्या गप्पा अजूनही चवीने रंगतात. आता ड्रॅग रेस धावपट्टीवर गेलीये. आणि तिथे गेल्यावर कळतं, की आपण जुनी गोष्ट सांगताना तिच्यातलं काय काय गाळत आलोय!

"मामा, तुझ्या वेळी खरी मजा होती ना?"

सकाळचे साडेआठ. लोणावळ्याच्या पुढे, अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरचं धुकं नुकतं विरतंय. प्रश्न विचारणारा माझा भाचा. वय २३, हिंजवडीत पहिली नोकरी, ईएमआयवर घेतलेली ड्यूक ३९०. अंगात मित्राकडून उसना आणलेला लेदर सूट. त्यात त्याला धड वाकताही येत नाहीये. रांगेत आमच्या पुढे एक हायाबुसा आणि मागे पॉलिश करून आरशासारखी केलेली आरएक्स हंड्रेड. मी वळून बघण्याआधीच वास आला. टू-टी ऑइलचा. बॉस, त्या वासाने माणूस एका सेकंदात वीस वर्षांचा होतो.

रुमाल पडला की सुटायचं

यामाहा आरएक्स हंड्रेड १९८५ साली आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. कागदावर बघाल तर काहीच नाही. पण टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक धमाका होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. त्यामुळे ही हलकी गाडी सिग्नलवरून अशी काही उचलायची, की मागे बसलेल्याने आधीच काहीतरी धरलेलं बरं. तिच्याही वर होती १९८३ साली आलेली राजदूत ३५०, म्हणजे आपली 'आरडी'. दोन सिलिंडर, ३४७ सीसी. ती ज्याच्याकडे असायची, त्याच्याकडे पेट्रोलपुरते पैसे कधीच नसायचे!

गाडी शोरूममधून यायची, पण फास्ट व्हायची गॅरेजमध्ये. पार्ट नाना पेठेतून आणायचे आणि चाचांच्या पुढ्यात ठेवायचे. चाचा हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचे, कानशीने पोर्ट मोठे करायचे, मागचं स्प्रॉकेट दोन दात मोठं टाकायचे. टॉप स्पीड गेला खड्ड्यात, पिकअप मिळाला पाहिजे. मडगार्ड, साइड कव्हर, आरसे उतरवायचे, सायलेन्सरची पुंगळी काढायची. मग एक फेरी मारून यायचं आणि चाचा प्लग काढून बघायचे. चॉकलेटी असेल तर सगळं ठीक. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा पडला असेल तर सावधान, पिस्टन सीझ होणार. लॅपटॉप नाही, सेन्सर नाही. तेवढ्या एका प्लगवर सगळं निदान. बिल दोन-तीनशे रुपये, तेही हप्त्यांनी.

आणि मग शनिवारची रात्र. दीडच्या सुमारास पाषाणकडचा रस्ता रिकामा व्हायचा. दोन गाड्या शेजारी शेजारी, मध्ये रुमाल धरलेला एकजण. रुमाल पडला की सुटायचं, ठरलेल्या खांबापर्यंत. हरणाऱ्याने सगळ्यांना भुर्जी-पाव खिलवायचा. एकजण कोपऱ्यावर पोलिसांच्या जीपवर लक्ष ठेवायला.

ही गोष्ट मी भाच्याला तो दहा वर्षांचा असल्यापासून सांगतोय. तो प्रत्येक वेळी हसायचा. मीही.

गाळलेला भाग

गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावर तो सहज म्हणाला, "आमचा पण ग्रुप आहे मामा. शनिवारी रात्री हायवेवर भेटतो." माझ्या हातातली चकली हातातच राहिली.

कारण त्या गोष्टीचा एक भाग मी त्याला कधीच सांगितला नव्हता. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये, अशाच एका शनिवारी, आमच्यातला एकजण जिंकला आणि थांबला नाही. खांबाच्या पुढे, अंधारात, एक ट्रेलर उभा होता. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. आमच्या मित्राचं हेल्मेट हॉस्टेलच्या खोलीत, कपाटावर होतं. तो वीस वर्षांचा होता. त्याच्या वडिलांनी गाडी नंतर भंगारात किलोच्या भावाने देऊन टाकली. आम्ही महिनाभर गाड्यांना हात लावला नाही. मग लावला. हे लिहायला जड जातंय, पण तसंच झालं.

आज आमचा ग्रुप भेटला की चाचा निघतात, भुर्जी निघते, पोलिसांना दिलेली हुलकावणी निघते. तो निघत नाही. आठवणींत आम्ही सगळे दरवेळी सुखरूप घरी पोचतो. भाच्याच्या वाट्याला आलेली गोष्ट ही अशी अर्धी होती. अर्ध्या गोष्टीवर विश्वास ठेवून तो हायवेवर जात होता.

धावपट्टी का लागते?

ओरडून उपयोग नसतो, हे मला माहीत आहे. मीही विशीत होतो. कायदा आहेच. रस्त्यावर शर्यत लावल्याचा पहिल्या गुन्ह्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीत पाचशेवरून पाच हजारांपर्यंत गेला. जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतानाचे फोटोही आपण पेपरात पाहतो. पण ज्याला सुटायचंय, त्याला सुटायला जागा कुठे आहे?

हा प्रश्न आपल्याआधी अमेरिकेला पडला होता. कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड गाड्या खोलून, हलक्या करून आधी सुकलेल्या तळ्यांवर आणि मग रस्त्यांवर पळवायची. १९५० मध्ये सांता आना इथे विमानतळाच्या एका धावपट्टीवर नियमित ड्रॅग रेस सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्सने 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' काढली. उद्देश साधा होता, पोरांना रस्त्यावरून उचलून सुरक्षित जागी आणायचं. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, हे अंतरही तिथेच रुळलं. आता तिथेही चित्र बदलतंय. डेन्व्हरजवळचा १९५८ पासूनचा बँडिमेअर ट्रॅक २०२३ मध्ये बंद झाला, लॉस एंजेलिसजवळचा अर्विंडेल २०२४ च्या शेवटी. म्हणजे आठवणींचे उमाळे तिकडेही आहेतच!

आपल्याकडे गाड्या आधी बदलल्या. २००० सालच्या प्रदूषण नियमांनी टू-स्ट्रोक बाइक्सचा गाशा गुंडाळला. २००१ मध्ये पल्सर आली, २०१२ पासून चाकणच्या ड्यूक रस्त्यावर दिसू लागल्या. कानशीची जागा ईसीयू रिमॅपने घेतली. आणि गेल्या दशकात अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन'सारखे इव्हेंट भरू लागले.

लाल दिवा!

इथे रुमाल नाही. खांबावर दिव्यांची माळ असते, तिला म्हणतात ख्रिसमस ट्री. पिवळे लागतात, मग हिरवा. हिरव्याच्या आधी हललात की लाल, रन बाद. आधी गाडीची तपासणी. हेल्मेट, लेदर सूट, ग्लोव्ह्ज, बूट यातलं एक जरी कमी असलं तरी परत जा. बाजूला अ‍ॅम्ब्युलन्स उभी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेषेच्या पुढे थांबण्यासाठी लांबच लांब मोकळा रस्ता. ट्रेलर नाही.

खोटं कशाला बोलू, काहीतरी हरवलंयच. लायसन्स, फी, सूट, गाडी आणायचा टेम्पो... दोनशे रुपयांत फास्ट होण्याचे दिवस गेले. इव्हेंट वर्षातून मोजके दिवस, शनिवारची रात्र मात्र दर आठवड्याला येते. गाडीत काय केलंय हे आता स्क्रीनवरच्या ग्राफमध्ये दिसतं, हाताला काळं लागत नाही. उद्या तर आवाजही नसेल. बेंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेटच्या एफ९९ या इलेक्ट्रिक रेसिंग बाइकने पाव मैल अकरा सेकंदांच्या आत कापून दाखवलाय. चाचांनी त्यात प्लग शोधला असता!

पहिल्या रनला भाच्याला लाल दिवा लागला. घाई, दुसरं काय! दुसऱ्याला चौदा पॉइंट नऊ सेकंद. कागदाची चिठ्ठी घेऊन तो धावत आला, सूटमुळे जरा फेंगडाच. मागच्या आरएक्सवाल्या गृहस्थांना साडेसतरा लागले. पन्नाशीचे असतील, पोट टाकीला टेकलेलं. पण निळा धूर सोडत ते गेले, तेव्हा सगळ्यात जास्त शिट्ट्या त्यांनाच पडल्या.

परतताना कामशेतला चहाला थांबलो. त्याचा प्रश्न अजून बाकीच होता. मी म्हटलं, "मजा होती. खूप होती. पण आम्ही सहा जण होतो, हे मी तुला कधी सांगितलंय का?"

तो म्हणाला, "तू तर नेहमी पाच नावं घेतोस."

मग मी त्याला सहावं नाव सांगितलं. चहा गार होईपर्यंत सांगत होतो. तो काही बोलला नाही. निघताना हेल्मेटचा पट्टा मात्र त्याने दोनदा ओढून बघितला.

पहिल्यांदा धावपट्टीवर जाताय?

• आधी प्रेक्षक म्हणून एक दिवस जा. गोंगाट आणि गर्दी अंगवळणी पडू द्या.
• स्वतःची रोजचीच गाडी न्या. चेन, ब्रेक, टायरची हवा आदल्या दिवशी तपासून घ्या.
• लायसन्स आणि सेफ्टी गिअरचे नियम आयोजकांकडून आधीच विचारा, गेटवर वाद घालू नका.
• शेजारच्याकडे नाही, दिव्याकडे बघा. रिअ‍ॅक्शन टाइम सुधारायला एक रुपयाही लागत नाही.
• आणि घरी येताना रेस संपलेली असते, हे लक्षात ठेवा.