कारखान्याची जमीन आणि रेल्वे मालवाहतुकीचा प्रस्ताव : निफाड ड्रायपोर्टच्या स्थानिक पाठिंब्याचे स्वरूप

प्रास्ताविक

मोठ्या प्रकल्पांना होणारा स्थानिक विरोध हा सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांना परिचित असलेला विषय आहे. स्थानिक पाठिंब्याचा विचार मात्र क्वचितच होतो. विरोध नसणे म्हणजेच पाठिंबा, असे गृहीत धरले जाते. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात प्रस्तावित झालेला ड्रायपोर्ट या गृहीतकाची तपासणी करण्याची संधी देतो. येथील पाठिंबा कोणत्या घटकांतून निर्माण झाला व तो टिकण्यासाठी काय आवश्यक आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रस्तावाची पार्श्वभूमी

भाऊसाहेबनगर येथील निफाड सहकारी साखर कारखाना कर्जबाजारी होऊन बंद पडला व कर्जवसुलीसाठी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या ताब्यात गेला. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात कारखान्याच्या शंभराहून अधिक एकर जमिनीवर जवाहरलाल नेहरू बंदराच्या वतीने ड्रायपोर्ट उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. मुंबई–भुसावळ हा मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग याच तालुक्यातून जातो.

ड्रायपोर्ट म्हणजे समुद्रापासून दूर असलेले, परंतु बंदराची कामे करणारे केंद्र होय. येथे कंटेनर भरणे, सीमाशुल्क तपासणी करणे व मोहोरबंद करणे ही कामे पूर्ण होतात. त्यानंतर रेल्वेने गेलेला कंटेनर पुन्हा न उघडता जहाजावर चढविता येतो.

पाठिंब्याचे घटक

निफाडमधील पाठिंबा एकजिनसी नाही. त्यात किमान तीन भिन्न हितसंबंध एकत्र आलेले दिसतात.

पहिला गट द्राक्ष व कांदा उत्पादकांचा आणि निर्यातदारांचा. लासलगाव व पिंपळगाव बसवंत या मोठ्या बाजारपेठा याच तालुक्यात आहेत. नाशवंत माल रस्त्याने बंदरापर्यंत नेताना होणारा विलंब व खर्च कमी व्हावा, ही त्यांची अपेक्षा आहे. दुसरा गट कारखान्याचे सभासद व कामगार यांचा. जमिनीच्या मोबदल्यातून कर्ज फिटावे, थकलेली देणी मिळावीत व परिसरात पुन्हा रोजगार यावा, अशी त्यांची आशा. तिसरा गट आर्थिक अडचणीत सापडलेल्या जिल्हा बँकेच्या ठेवीदारांचा. त्यांच्या दृष्टीने ही जमीन म्हणजे अडकलेल्या पैशाची वसुली होय.

या तिन्ही गटांना जोडणारी बाब म्हणजे जमिनीचे पूर्वीचे औद्योगिक स्वरूप. पिकाऊ शेती नव्याने संपादित करावी लागत नसल्याने विस्थापनाचा प्रश्न तीव्र होत नाही. मात्र पडीक जमीन ही हक्कमुक्त जमीन नसते. सभासदांचे भाग, कामगारांची देणी, बँकेचे तारण व शासकीय कर यांचे दावे एकाच सातबाऱ्यावर येऊन आदळतात. निफाडमध्येही कर थकबाकीच्या प्रश्नामुळे जमिनीचे हस्तांतरण बराच काळ रखडले. पाठिंबा असूनही प्रकल्प का लांबतो, याचे एक उत्तर येथे मिळते.

पाठिंब्याच्या मर्यादा

लोकांची इच्छा रेल्वेचे अर्थशास्त्र बदलू शकत नाही. कंटेनरच्या एका रेकमध्ये साधारणतः ४५ वाघिणी असतात व त्यांवर २० फुटी ९० कंटेनर मावतात. रेक पूर्ण भरली तरच ती परवडते. निफाड ते बंदर हे अंतर रेल्वेच्या दृष्टीने अल्प आहे. अंतर कमी असल्यास दोन्ही टोकांवरील चढ-उताराचा खर्च वाहतुकीतील बचत गिळून टाकतो. वाटेत इगतपुरी ते कसारा हा १:३७ चढाचा थळ घाट आहे. परतीच्या गाड्यांना तेथे मागून जादा इंजिने जोडावी लागतात. पुढे कल्याण परिसरातील लोकल गाड्यांच्या गर्दीतून मालगाडीस वाट काढावी लागते.

रेक भरण्याचा प्रश्न शासनाच्या धोरणाशीही निगडित आहे. द्राक्षांची निर्यात प्रामुख्याने जानेवारी ते एप्रिल या काळात होते. उर्वरित काळात कांद्यावर भिस्त. कांद्यावर मात्र सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० व डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली. डिसेंबर २०२३ ची बंदी मे २०२४ मध्ये उठली, तरी ४० टक्के निर्यातशुल्क राहिले; शुल्क पूर्णतः रद्द झाले ते एप्रिल २०२५ मध्ये. निर्यातीचे दार असे अचानक मिटत असेल, तर रूळ टाकूनही वाघिणी रिकाम्या राहण्याचा धोका संभवतो.

एक तौलनिक उदाहरण

अशा पाठिंब्याचे पुढे काय होऊ शकते, हे समजण्यासाठी अमेरिकेतील इलिनॉय राज्याचे उदाहरण उपयुक्त ठरते. शिकागोच्या नैर्ऋत्येस एलवूड या लहान गावाजवळ लष्कराचा जॉलिएट दारूगोळा कारखाना होता. तेथील स्फोटक द्रव्याचे उत्पादन १९७६ मध्ये थांबले. जमिनीचा मोठा भाग गवताळ प्रदेशाच्या पुनरुज्जीवनासाठी राखण्यात आला, तर काही भागावर २००२ मध्ये रेल्वे कंटेनर केंद्र सुरू झाले. प्रदूषित जमिनीचा पुनर्वापर व रोजगार या अपेक्षांनी गावाने त्याचे स्वागत केले. त्याभोवती गोदामे वाढली. रेल्वेने माल आला, पण तो पुढे ट्रकनेच जाऊ लागला व गावातील रस्त्यांवर अवजड वाहनांचा ताण आला. अनेक कामगार कंत्राटी होते. २०१२ मध्ये तेथील एका गोदामातील कामगारांनी संप केला. २०१७ मध्ये दुसऱ्या विकसकाने नवीन गोदाम प्रकल्प मांडला, तेव्हा त्याच गावात तीव्र विरोध संघटित झाला.

एलवूडच्या रहिवाशांनी तत्त्व बदलले, असे म्हणता येत नाही. ज्या अपेक्षांवर संमती दिली होती त्या बंधनकारक स्वरूपात नोंदल्या गेल्या नव्हत्या, हे अधिक संयुक्तिक स्पष्टीकरण होय.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, स्थानिक पाठिंबा ही सशर्त संमती असते; तिच्या अटी मात्र बहुधा अलिखित राहतात. निफाडच्या संदर्भात चार अटी प्रकल्प उभा राहण्यापूर्वीच लेखी होणे इष्ट ठरेल : जुने कामगार व परिसरातील तरुण यांना थेट, कंत्राटी नसलेला रोजगार, अवजड वाहनांसाठी गावाबाहेरचा मार्ग व वाहनतळ, लहान शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांना मोठ्या निर्यातदारांइतकाच दर व शीतगृहाची सोय, आणि किती माल रेल्वेने व किती रस्त्याने गेला याचा वार्षिक जाहीर हिशेब. यांपैकी शेवटची अट सर्वांत महत्त्वाची वाटते. रेल्वेच्या नावाने मिळालेली जमीन प्रत्यक्षात केवळ ट्रकचे आगार ठरली, तर ते ग्रामस्थांना प्रथम कळले पाहिजे.

अर्थशास्त्र, भूगोल व समाजशास्त्र विभागांनी ग्रामसभांचे ठराव, सभासदांच्या मुलाखती आणि रस्त्यावरील वाहनांची गणना यांच्या आधारे अशा संमतीची नोंद आताच केली, तर उद्याच्या मूल्यमापनास आधार मिळेल. आज गृहीत धरलेला पाठिंबा उद्या विरोधात का रूपांतरित झाला, हे विचारण्याची वेळ मग कदाचित येणार नाही.