ग्रंथ, प्रश्न आणि विहार : कॅलिफोर्नियातील एका बौद्ध महाविद्यालयाची वाटचाल

'बौद्ध महाविद्यालय' हा शब्दप्रयोग आपण सहजपणे करतो. परंतु एखादे महाविद्यालय नेमके कशामुळे बौद्ध ठरते, याचा विचार क्वचितच होतो. संस्थापक बौद्ध असल्यामुळे, प्रांगणात तथागतांची मूर्ती असल्यामुळे, की वेळापत्रकात पालीचा एक तास असल्यामुळे? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात विहाराच्या आवारात चालणाऱ्या एका अगदी लहान खाजगी संस्थेने या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले आहे. ते सर्वस्वी स्वीकारावे असे नाही, परंतु ते समजून घेणे आपल्या संस्थांच्या दृष्टीने उपयुक्त आहे. धर्म रेल्म बुद्धिस्ट युनिव्हर्सिटी हे त्या संस्थेचे नाव असून 'धर्म रेल्म' म्हणजे महायान ग्रंथांतील 'धर्मधातू' होय. म्हणून प्रस्तुत लेखात तिचा उल्लेख 'धर्मधातू विद्यापीठ' असा केला आहे. नाव विद्यापीठाचे असले तरी विद्यार्थिसंख्या शंभराच्या आत आहे, आणि स्वरूपाने ते एक महाविद्यालयच आहे.

संस्थेचे संस्थापक भदन्त शुआन हुआ यांचा जन्म इ. स. १९१८ मध्ये ईशान्य चीनमध्ये झाला. मातेच्या निधनानंतर त्यांनी तिच्या समाधीजवळ तीन वर्षे साधना केली. पुढे थोर ध्यानाचार्य शू युन यांच्या परंपरेत त्यांना स्थान मिळाले. १९६२ मध्ये ते सान फ्रान्सिस्को येथे आले. आरंभीची काही वर्षे त्यांच्याभोवती मोजकेच लोक होते. १९६८ च्या उन्हाळ्यात मात्र वॉशिंग्टन विद्यापीठातील काही तरुण विद्यार्थी त्यांच्याकडे शूरंगमसूत्राच्या अध्ययनासाठी आले आणि ९६ दिवसांचे शिबिर झाले. या मंडळींपैकी पाच जणांनी, म्हणजे तीन पुरुष व दोन स्त्रिया यांनी, १९६९ मध्ये तैवानला जाऊन उपसंपदा घेतली. अमेरिकन संघाचा हा आरंभ एका ग्रंथाच्या अध्ययनातून झाला, ही गोष्ट संस्थेचा पुढील इतिहास समजण्यासाठी महत्त्वाची आहे. १९७० मध्ये बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरासाठी स्वतंत्र संस्था निघाली आणि १९७६ मध्ये विद्यापीठाची स्थापना झाली.

विद्यापीठाची जागाही लक्षणीय आहे. सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस युकाया गावाजवळ टॅल्मेज येथे राज्य सरकारचे एक मोठे मनोरुग्णालय होते. १८९३ मध्ये सुरू झालेले हे रुग्णालय १९७२ मध्ये बंद पडले, आणि चारशेहून अधिक एकर जमीन व सत्तरच्यावर इमारती ओस पडल्या. हा परिसर संघाने विकत घेतला आणि त्याला 'दशसहस्र बुद्धांचे नगर' असे नाव दिले. ज्या दालनांत एकेकाळी रुग्णांना कोंडून ठेवले जात असे, तेथे आता वर्ग भरतात, ध्यान होते आणि शाकाहारी भोजनालय चालते. कलह न करणे, लोभ न धरणे, हाव न बाळगणे, स्वार्थ न पाहणे, स्वतःचा लाभ न शोधणे आणि असत्य न बोलणे, हे सहा नियम या नगरातील सर्वांना सारखेच लागू आहेत. आवारात विहार असून मुलामुलींच्या शाळाही आहेत. विद्यापीठ हे त्यातील एक अंग.

१९९५ मध्ये शुआन हुआ यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या इच्छेनुसार सुमारे १२० एकर वनजमीन थायलंडच्या अरण्यपरंपरेतील भदन्त सुमेधो यांच्या संघाला देण्यात आली. तेथे अभयगिरी विहार उभा राहिला. महायानी आचार्याने थेरवादी संघाला भूमिदान द्यावे, हे आपल्याकडील निकायाभिमानी मंडळींनी नोंद घेण्यासारखे आहे.

पहिली दोन-तीन दशके विद्यापीठाचा अभ्यासक्रम बौद्ध अध्ययन व साधना, भाषांतर आणि भाषाभ्यास अशा विषयांपुरता होता. शिकवणारे बहुतेक भिक्खू, भिक्खुणी आणि सेवाभावी उपासक. सध्याचे रूप २०१० नंतरच्या दशकात आले. त्यात पदवीसाठी 'लिबरल आर्ट्स' आणि पदव्युत्तर पदवीसाठी 'बौद्ध अभिजात ग्रंथ' असे दोन मुख्य अभ्यासक्रम आहेत, आणि त्यांना जोडून भाषांतराचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे.

येथे 'लिबरल आर्ट्स' या संज्ञेचा खुलासा केला पाहिजे, कारण आपल्याकडे तिचा अर्थ 'कला शाखा' एवढाच घेतला जातो. 'लिबर' या लॅटिन शब्दाचा अर्थ मुक्त. प्राचीन ग्रीस व रोममध्ये गुलाम नसलेल्या नागरिकाला शोभेल असे जे शिक्षण, ते हे. मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क व वक्तृत्व या तीन आणि अंकगणित, भूमिती, संगीत व खगोल या चार, अशा सात विद्या त्यात गणल्या गेल्या. गणित व संगीतही 'आर्ट्स'मध्येच होते, हे ध्यानात घ्यावे. ह्युएनत्संगाने वर्णिलेल्या पाच विद्यांशी, म्हणजे शब्दविद्या, शिल्पविद्या, चिकित्साविद्या, हेतुविद्या आणि अध्यात्मविद्या यांच्याशी, ही विभागणी ताडून पाहावी. नालंदेत औषध आणि तर्क यांना बौद्ध शिक्षणाबाहेरचे मानलेले नव्हते.

धर्मधातू विद्यापीठाने जो नमुना स्वीकारला तो अमेरिकेतच १९३७ मध्ये ॲनापोलिस येथील सेंट जॉन्स कॉलेजने रूढ केला होता. तेथे स्वतंत्र विषयांऐवजी सर्वांनी मूळ ग्रंथ वाचावयाचे, आणि पाठ्यपुस्तकाऐवजी स्वतः युक्लिड, स्वतः प्लेटो हातात घ्यावयाचा. सेंट जॉन्सची यादी पाश्चात्य ग्रंथांची होती. टॅल्मेजच्या मंडळींनी तिच्यात तीन प्रवाह जोडले. आता पदवीच्या चार वर्षांत बौद्ध, पाश्चात्य, भारतीय आणि चिनी अशा चार परंपरांचे ग्रंथ वाचले जातात. त्यांच्या जोडीला भाषा, गणित, निसर्गविज्ञान, संगीत आणि लेखन-वक्तृत्व हे विषय आहेत. प्रमुख विषय निवडण्याची सोय नाही. सर्वांना सर्व वाचावे लागते. होमर, प्लेटो, कन्फ्यूशियस, च्वांग त्झु, उपनिषदे, भगवद्गीता, पाली सुत्ते आणि सहावे धर्माचार्य हुइनंग यांचे सूत्र ही एकाच विद्यार्थ्याची वाटचाल असते. भाषेत भर संस्कृत व अभिजात चिनीवर आहे. पालीला याहून मोठे स्थान असते तर आपल्यासारख्या वाचकास अधिक समाधान वाटले असते, पण संस्थेची परंपरा चिनी आहे, हे लक्षात घेऊन त्याकडे पाहावे.

अध्यापनाची पद्धती हा या संस्थेचा खरा विशेष होय. वर्गात व्याख्यान होत नाही. मोजके विद्यार्थी आणि अध्यापक टेबलाभोवती बसतात. सर्वांनी ठरलेला भाग आधी वाचून आणलेला असतो. चर्चा एखाद्या प्रश्नाने सुरू होते. ग्रंथ काय म्हणतो, तसे का म्हणतो, आणि तसे नसेल तर काय, याचा शोध सर्वांनी मिळून घ्यावयाचा. भाष्ये, टीका व प्रस्तावना शक्यतो बाजूला ठेवल्या जातात. अध्यापकाचे मत हा अंतिम निर्णय नव्हे, पण 'मला वाटते' एवढे म्हणून विद्यार्थ्यालाही सुटता येत नाही. ओळ दाखवावी लागते. प्रत्येक सत्रात नेहमीचे वर्ग थांबवून काही दिवस केवळ ध्यान-साधनेसाठी राखलेले असतात. वाचन आणि साधना यांतील अंतर कमी करण्याचा हा त्यांचा उपाय आहे.

या पद्धतीचे मूळ केवळ ग्रीक संवादांत आहे असे समजण्याचे कारण नाही. मिलिंदपञ्हात संवाद पुढे नेण्यापूर्वी भदन्त नागसेन राजाला विचारतात, की आपण पंडितांप्रमाणे बोलणार की राजांप्रमाणे? पंडितांच्या चर्चेत गुंता होतो, उलगडा होतो, चूक दाखविली जाते, ती मान्यही केली जाते, आणि तरी कोणी रागावत नाही; राजे मात्र विरोध करणाऱ्यास दंड देतात. मिलिंद पंडितांची रीत मान्य करतो, तेव्हाच संवाद पुढे सरकतो. आपल्या बहुतेक वर्गांत नागसेनांना अभिप्रेत असलेली पहिली रीत चालते की दुसरी, हे प्रत्येक अध्यापकाने स्वतःला विचारावे.

या प्रयोगावर आक्षेप घेता येतात, आणि ते घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप यादीचा. 'अभिजात' कोणी ठरविले? भारतीय प्रवाहात वेद, उपनिषदे व गीता वाचताना ज्यांना ही अक्षरे ऐकण्याचाही अधिकार नव्हता त्यांचा प्रश्न टेबलावर येतो का, हे शेवटी टेबलाभोवती कोण बसले आहे यावर अवलंबून राहते. केवळ मूळ ग्रंथ वाचावा आणि त्याचा सामाजिक इतिहास दाराबाहेर ठेवावा, ही रीत ज्यांच्यावर त्या ग्रंथांचे परिणाम झाले त्यांना अपुरी वाटणार. तथापि यावरून असे ग्रंथ वाचूच नयेत असा निष्कर्ष निघत नाही. परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच मनुस्मृतीचे बारीक वाचन त्यांच्या लेखनात पानोपानी दिसते. 'रिडल्स इन हिंदुइझम' हा प्रश्न विचारणाऱ्या वाचकाचा ग्रंथ आहे.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. शुआन हुआ यांच्या परंपरेत मंत्रपठण, नमस्कार आणि कठोर व्रते यांना मोठे स्थान आहे. त्यांच्या दोन अमेरिकन शिष्यांनी, हंग शुर आणि हंग चाउ यांनी, १९७७ ते १९७९ या काळात लॉस एंजेलिसपासून या नगरापर्यंत दर तीन पावलांमागे एक साष्टांग नमस्कार घालीत यात्रा केली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचून वाढलेल्या पिढीला हे परके वाटेल, आणि ते स्वाभाविक आहे. पण त्याच यात्रेतील हंग चाउ पुढे मार्टिन व्हर्होवन या नावाने इतिहासाचे विद्वान झाले व याच विद्यापीठात अध्यापन करू लागले, हेही खरे. तेथील वर्गात श्रद्धा ही प्रवेशाची अट नाही.

तिसरी अडचण व्यवहाराची. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला त्या भागातील अधिस्वीकृती आयोगाची मान्यता २०१८ मध्ये मिळाली. मध्ये बेचाळीस वर्षे गेली. अमेरिकेत अशी अधिस्वीकृती नसेल तर पदवीला अन्य विद्यापीठांत फारसे मोल राहत नाही, आणि विद्यार्थ्यांना केंद्र सरकारचे अर्थसाहाय्यही मिळत नाही. आयोग केवळ ग्रंथालयातील पुस्तके मोजत नाही; विद्यार्थी काय शिकला याचा पुरावा, अध्यापकांचा कारभारातील सहभाग, आर्थिक स्थैर्य आणि स्वतंत्र नियामक मंडळ हे सर्व पाहतो. विहाराच्या छायेत वाढलेल्या संस्थेला ही शिस्त अंगी बाणवणे सोपे नव्हते. विहाराचे दान, जमीन आणि निवासाची सोय हाताशी नसती तर इतक्या थोड्या विद्यार्थ्यांवर महाविद्यालय चालविणे अशक्य झाले असते. म्हणूनच हा नमुना जसाच्या तसा औरंगाबादला किंवा नागपूरला उचलून आणता येणार नाही.

तरीही ज्या शिक्षणाचा जन्मच 'गुलामांसाठी नव्हे' या अटीवर झाला, ते शिक्षण आपल्याकडे नेमके कोणाला मिळावे, हा प्रश्न उरतो. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, आणि १९५० मध्ये औरंगाबादला जे महाविद्यालय निघाले ते पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेले. ही कला व विज्ञानाची महाविद्यालये होती. ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या केवळ श्रमच आले, त्यांच्या मुलांना आधी एखादा धंदा शिकवावा, हा सल्ला त्या काळीही देणारे होते. कोलंबियात जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसलेल्या माणसाने तो मार्ग निवडला नाही. मिलिंद महाविद्यालयातील अध्यापक व विद्यार्थ्यांतून दलित साहित्याचा प्रवाह बळावला. 'अस्मितादर्श' चालविणारे प्रा. गंगाधर पानतावणे तेथेच शिकवीत होते. आज २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तक्षशिला व नालंदेचे दाखले देऊन लिबरल शिक्षणाची महती सांगितली आहे. परंतु व्यवहारात ते महागड्या खाजगी विद्यापीठांत वाढते आहे, आणि ग्रामीण महाविद्यालयातील कला शाखेकडे 'दुसरीकडे प्रवेश न मिळालेल्यांची शाखा' म्हणून पाहिले जाते. माझ्या मते हे उलटे झाले आहे. नोकरीचा प्रश्न खरा आहे, पण नोकरी लागल्यावरही ज्याला वाचता, विचारता आणि लिहिता येत नाही तो दुसऱ्याच्याच शब्दांवर जगतो.

विद्यार्थिसंख्या, निवास आणि शुल्क यांची गणिते वेगळी असली तरी एक गोष्ट आपल्याला खर्चाशिवाय करता येते. पाली किंवा मराठीच्या वर्गातील दहा-बारा विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक तास विहाराच्या सभागृहात मिलिंदपञ्ह किंवा कालामसुत्त घेऊन बसावे, अध्यापकाने प्रश्न विचारून गप्प राहावे, आणि परीक्षेचा उल्लेख करू नये. आरंभीचे दोन-तीन तास शांततेत जातील. ती शांतता सहन करणे अध्यापकालाच अधिक जड जाते.

भाषांतराच्या बाबतीतही तेथील रीत पाहण्याजोगी आहे. त्यांच्या भाषांतर संस्थेत प्रत्येक ग्रंथ चार समित्यांपुढून जातो. पहिली समिती प्राथमिक भाषांतर करते, दुसरी मुळाशी ताडून पाहते, तिसरी भाषा संपादित करते आणि चौथी अंतिम प्रमाणीकरण करते. या कामात अनुभवी भिक्खू-भिक्खुणींबरोबर नवशिकेही बसतात, आणि भाषांतराचा वर्ग हाच अध्ययनाचा वर्ग होतो. मराठीत धर्मानंद कोसंबी यांनी सुत्तनिपात आणि चिं. वै. राजवाडे यांनी दीघनिकाय आणला, तो बहुतांशी एकेकट्याच्या बळावर. त्यांच्या नंतरच्या कामासाठी असे टेबल कोणत्या विहारात मांडता येईल, याचा विचार पाली विभाग आणि विहार समित्या यांनी एकत्र बसून करावयास हवा.