थेंबांवर चाललेल्या बंदुका

पहिल्या महायुद्धातली ब्रिटन आणि दोस्तांची गॅलिपोलीची मोहीम फसली आहे, हे १९१५च्या ऑगस्टनंतर खंदकातल्या साध्या शिपायालाही कळून चुकलं होतं. लंडनला ते मान्य करायला डिसेंबर उजाडला.

मूळ बेत मोठा होता. दार्दानेल्सची सामुद्रधुनी घ्यायची, कॉन्स्टँटिनोपल गाठून तुर्कस्तानला युद्धातून बाद करायचं आणि रशियाची वाट मोकळी करायची. मार्चमध्ये सुरुंगांनी आरमार अडवलं, म्हणून पायदळ उतरवायचं ठरलं. २५ एप्रिलच्या पहाटे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची ‘अँझॅक’ फौज किनाऱ्याला लागली. समोर उभे कडे आणि झुडपांनी भरलेल्या घळी. सकाळीच तुर्की अधिकारी मुस्तफा कमाल यांनी आपली डिव्हिजन उंचावर आणून ठेवली. पुढचे आठ महिने ही फौज एका चिंचोळ्या पट्टीत अडकून पडली. तिच्यापर्यंत पाणी आणि दारूगोळा पोचवण्यात भारतातून नेलेली खेचरं आणि त्यांना हाकणारे हिंदी शिपाई यांचा मोठा वाटा होता. आपल्याकडे त्यांची आठवण फारशी निघत नाही, याचं वाईट वाटतं.

७ ऑगस्टला ‘द नेक’ या अरुंद डोंगरसोंडेवर ऑस्ट्रेलियन लाइट हॉर्सचे शिपाई घोड्यांविना, पायी धावून गेले. पहिली तुकडी क्षणांत कापली गेली. तरी दुसरी पाठवली, मग तिसरी. २३४ जण मेले. हल्ला थांबवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांनी तो वेळेत वापरला नाही. जवानांच्या शौर्याचं कौतुक करताना हा दोष झाकला जाऊ नये.

ऑक्टोबरमध्ये सेनापती हॅमिल्टन यांना परत बोलावलं. त्यांच्या जागी आलेल्या मनरो यांनी माघारीचा सल्ला दिला. पण शत्रूचे खंदक काही ठिकाणी अगदी हाकेच्या अंतरावर. निघताना सुगावा लागला असता, तर किनाऱ्यावर कत्तलच झाली असती. मोठ्या हानीची भीती वरिष्ठांनाही होती.

ब्रूडनेल व्हाइट या ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्याने आखलेली योजना म्हणूनच विचार करण्यासारखी आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस काही दिवस मुद्दाम गोळीबार बंद ठेवला, म्हणजे पुढे खरोखर खंदक रिकामे झाले तरी त्या शांततेचं तुर्कांना नवल वाटू नये. रात्री माणसं गलबतांवर चढत, दिवसा उरलेले नेहमीसारखी वर्दळ दाखवत. १७ डिसेंबरला ‘शेल ग्रीन’ या मोकळ्या जागेवर ते क्रिकेटसुद्धा खेळले. शेवटच्या रात्री बुटांना गोणपाट गुंडाळलं होतं.

बंदुका आपोआप झाडण्याची युक्ती स्करी नावाच्या तरुण शिपायाची. पाण्याने भरलेल्या वरच्या डब्याला भोक, खालचा रिकामा डबा दोरीने चापाला बांधलेला. थेंब थेंब पाणी साचून खालचा डबा जड झाला की चाप ओढला जाई. माणसं निघून गेल्यावरही खंदकांतून अधूनमधून गोळ्या सुटत राहिल्या. २० डिसेंबरच्या पहाटे शेवटची नाव निघाली. साऱ्या माघारीत अँझॅकची हानी नगण्य झाली. जाताना अनेकांना सलत होतं ते एकच: सोबत्यांच्या कबरी मागे राहत होत्या.

या मोहिमेत ऑस्ट्रेलियाचे आठ हजारांवर सैनिक मेले, तुर्कांचे त्याहून कितीतरी पट. ऑस्ट्रेलियात २५ एप्रिल राष्ट्रीय स्मृतिदिन आहे. माझ्या मते २० डिसेंबरचाही तितकाच मान व्हायला हवा, कारण या मोहिमेत सैनिकांच्या जिवाचा हिशेब करून आखलेली अशी कामगिरी विरळाच होती.