झॉम्बी
झॉम्बी : द क्रॅनबेरीज या आयरिश वाद्यवृंदाची एक प्रसिद्ध एकल ध्वनिमुद्रिका. पर्यायी रॉक या संगीतप्रकारातील १९९० नंतरच्या दशकातील प्रातिनिधिक रचनांत तिची गणना होते. सप्टेंबर १९९४ मध्ये आयलंड रेकॉर्ड्स या कंपनीने ती प्रकाशित केली. पुढच्याच महिन्यात आलेल्या नो नीड टू आर्ग्यू या वाद्यवृंदाच्या दुसऱ्या गीतसंग्रहातील ही पहिली प्रसिद्ध झालेली रचना होय. गीत व संगीत गायिका डोलोरेस ओरिऑर्डन (६ सप्टेंबर १९७१–१५ जानेवारी २०१८) हिचे असून ध्वनिमुद्रणाचे निर्माते स्टीफन स्ट्रीट हे होत. उत्तर आयर्लंडच्या प्रश्नातून उद्‌भवलेल्या हिंसाचारात बळी पडलेल्या बालकांविषयीचा शोक आणि त्या हिंसेविषयीची चीड हा या गीताचा विषय आहे.

वाद्यवृंदाची पूर्वपीठिका : द क्रॅनबेरीज हा वाद्यवृंद आयर्लंडच्या पश्चिम भागातील लिमरिक या शहरात १९८९ मध्ये स्थापन झाला. नोएल होगन (गिटार), माइक होगन (बेस गिटार) हे बंधू व फर्गल लॉलर (ड्रम) हे त्याचे मूळ वादक. पहिला गायक सोडून गेल्यावर १९९० मध्ये ओरिऑर्डन त्यांना येऊन मिळाली. लिमरिकजवळच्या बॅलीब्रिकन या खेड्यात ती वाढली. तेथील चर्चमधील गायन आणि गेलिक भाषेतील पारंपरिक गाणी यांचा तिच्या गळ्यावर लहानपणीच संस्कार झाला. ‘ड्रीम्स’ व ‘लिंगर’ या हळुवार प्रेमगीतांनी वाद्यवृंदाला प्रथम नाव मिळवून दिले. मार्च १९९३ मध्ये निघालेल्या पहिल्या गीतसंग्रहाचा सूरही असाच मृदू होता. त्यामुळे वर्षा-दीड वर्षाने आलेली ‘झॉम्बी’ ही कर्कश व संतप्त रचना श्रोत्यांना अनपेक्षित वाटली.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी होऊन ईशान्येकडील सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तेथील बहुसंख्य प्रॉटेस्टंट समाज ब्रिटनशी एकनिष्ठ, तर कॅथलिक समाजाचा मोठा भाग अखंड आयर्लंडचा पुरस्कर्ता होता. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस या तेढीला सशस्त्र संघर्षाचे रूप आले. प्रोव्हिजनल आयरिश रिपब्लिकन आर्मी, ब्रिटननिष्ठ निमलष्करी टोळ्या आणि ब्रिटिश सुरक्षा दले यांच्यातील या संघर्षात तीन दशकांत ३,५०० हून अधिक माणसे मारली गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक होते.

या संघर्षाची झळ इंग्लंडमधील शहरांनाही लागली. २० मार्च १९९३ रोजी, शनिवारी दुपारी, चेशर परगण्यातील वॉरिंग्टन या गावाच्या गजबजलेल्या बाजारपेठेत कचऱ्याच्या पेट्यांत ठेवलेल्या दोन बाँबचे स्फोट झाले. दुसऱ्या दिवशी मातृदिन असल्याने खरेदीसाठी गर्दी झालेली होती. तीन वर्षांचा एक मुलगा जागीच ठार झाला, तर बारा वर्षांचा दुसरा पाच दिवसांनी मरण पावला. पन्नासहून अधिक लोक जखमी झाले. आयरिश रिपब्लिकन आर्मीने हे स्फोट आपणच घडवून आणल्याचे मान्य केले. दूरध्वनीवरून दिलेली पूर्वसूचना संदिग्ध होती. या घटनेने ब्रिटनइतकेच आयर्लंडही हादरले. डब्लिनमध्ये हजारो नागरिकांनी रस्त्यावर येऊन निषेध केला. ‘हे आमच्या नावाने चालू देणार नाही’ ही त्या निषेधामागील भावना होती व तीच ओरिऑर्डनच्या गीताची प्रेरणा ठरली.

गीताचा आशय : वाद्यवृंदाची बहुतेक गाणी ओरिऑर्डन व नोएल होगन यांनी मिळून रचलेली आहेत. ‘झॉम्बी’ मात्र तिने एकटीने, साध्या गिटारीवर रचले. झॉम्बी ही कल्पना हैतीमधील लोकसमजुतीतून आली आहे. मंत्रबळाने उठविलेले, स्वतःची इच्छा व विवेक नसलेले प्रेत असा तिचा मूळ अर्थ. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वैराच्या आहारी जाऊन यंत्रवत हत्या करणाऱ्या मनोवृत्तीला गीतात हे रूपक योजले आहे. गीतात १९१६ या सालाचा उल्लेख येतो. त्या वर्षी डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला होता. आयरिश राष्ट्रवादात हे साल पवित्र मानले जाते. त्याच सालापासून तोच प्रकार चालू आहे, असे सुचवून गीताने त्या पावित्र्यालाच धक्का दिला. यातूनच पुढील वाद उद्‌भवला.

संगीतरचना : ही रचना मंद लयीतील असून सारी चार कॉर्डच्या एकाच आवर्तनावर उभी आहे. कडव्यांत वाद्ये संयत, तर ध्रुवपदात गिटारीचा नाद मुद्दाम फाटका व खरखरीत केलेला आणि ड्रमचे आघात जड आहेत. शांत कडवे व स्फोटक ध्रुवपद ही मांडणी त्या काळी अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातून पुढे आलेल्या ‘ग्रंज’ शैलीत रूढ होती. तथापि या रचनेचे खरे वैशिष्ट्य गायनात आहे. ध्रुवपदात शीर्षकाचा शब्द अक्षरे तोडून, आवाज एका स्वरस्थानातून दुसऱ्यात एकदम फोडीत गाइला आहे. मृताजवळ बसून स्त्रियांनी करावयाच्या आयरिश विलापगायनाशी याचे साम्य अनेक समीक्षकांनी दाखविले आहे. परदेशी रॉकच्या साच्यात देशी शोकपरंपरेचा स्वर मिसळल्याने गीत केवळ निषेधाचे न राहता विलापाचेही झाले. लिमरिकचा ग्रामीण उच्चारही ओरिऑर्डनने गाताना लपविला नाही.

चित्रफीत : गीताची चित्रफीत सॅम्युएल बेयर यांनी दिग्दर्शित केली. निर्व्हाना या अमेरिकन वाद्यवृंदाच्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ (१९९१) या गीताची चित्रफीतही त्यांचीच. बेल्फास्टच्या रस्त्यांवर गस्त घालणारे खरे ब्रिटिश सैनिक आणि भिंतींवरून उड्या मारीत खेळणारी मुले यांची कृष्णधवल दृश्ये तीत आहेत. त्यांच्याशी आलटून पालटून, क्रूसापुढे सोनेरी रंगाने माखलेली गायिका व तिच्याभोवती रुपेरी रंगातील मुले अशी रंगीत दृश्ये येतात. मुले व बंदुका यांच्या दृश्यांमुळे बीबीसीने ती मूळ स्वरूपात दाखविण्यास नकार दिला.

प्रसिद्धी आणि स्वागत : गीत प्रसिद्ध होण्याचा काळ नाजूक होता. ३१ ऑगस्ट १९९४ रोजी आयरिश रिपब्लिकन आर्मीने शस्त्रसंधी जाहीर केली होती. शिन फेन व इतर काही संघटनांच्या प्रतिनिधींचा आवाज प्रसारित करण्यावर १९८८ पासून ब्रिटनमध्ये असलेली बंदी सप्टेंबरातच उठविण्यात आली. अशा वेळी हे गीत जखमा पुन्हा उघड्या करील, अशी धास्ती काहींना वाटली. परंतु ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम व डेन्मार्क या देशांत त्याने लोकप्रियतेच्या याद्यांत पहिले स्थान मिळविले. अमेरिकेत बिलबोर्ड नियतकालिकाच्या मॉडर्न रॉक यादीतही ते अग्रस्थानी राहिले. आयर्लंडमध्ये ते तिसऱ्या, तर ब्रिटनमध्ये चौदाव्या स्थानापर्यंतच पोहोचले. १९९५ मध्ये एमटीव्हीच्या यूरोपीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट गीताचा बहुमान मिळाला. गीतसंग्रहाच्या जगभर एक कोटीहून अधिक प्रती खपल्या.

आक्षेप : उत्तर आयर्लंडच्या प्रश्नावर रॉक संगीतकारांनी पूर्वीही गाणी रचली होती. पॉल मॅकार्टनी यांच्या १९७२ मधील गीतावर बीबीसीने बंदी घातली होती. त्याच वर्षी डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी निदर्शकांवर केलेल्या गोळीबारावर यूटू या वाद्यवृंदाचे १९८३ मधील गीत आधारलेले आहे. ‘झॉम्बी’वरील मुख्य आक्षेप असा, की ते गुंतागुंतीच्या प्रश्नाला निव्वळ अविवेकाचे रूप देते. कॅथलिक समाजाला भोगावा लागलेला भेदभाव, ब्रिटननिष्ठ टोळ्यांच्या हत्या व राज्यसंस्थेने केलेली हिंसा यांची त्यात दखल नाही. सीमेच्या दक्षिणेकडे सुरक्षित राहणाऱ्यांनी उत्तरेकडील लोकांना उपदेश करावा, हेही अनेकांना रुचले नाही. आपले गीत कोणत्याही पक्षाचे नसून निरपराधांच्या हत्येविरुद्ध आहे, अशी ओरिऑर्डनची भूमिका अखेरपर्यंत कायम राहिली.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. संघर्षाची कारणमीमांसा म्हणून पाहिल्यास गीत अपुरे ठरते. परंतु कारणमीमांसा हा त्याचा हेतूच नाही. एखाद्या ध्येयाची थोरवी बालकाच्या मृत्यूची भरपाई करू शकते काय, हा एकच प्रश्न ते विचारते आणि तो स्वतःच्या समाजाला विचारते. परक्यावर दोषारोप करण्यापेक्षा हे अवघड आहे.

उत्तरकाल : १९९४ ची शस्त्रसंधी फेब्रुवारी १९९६ मध्ये मोडली. ती पुन्हा प्रस्थापित झाल्यावर १० एप्रिल १९९८ रोजी गुड फ्रायडे करार झाला व संघर्षाचे पर्व बव्हंशी संपले. वॉरिंग्टन येथे मृत मुलांच्या स्मरणार्थ शांतताकार्य करणारी संस्था उभी राहिली. १५ जानेवारी २०१८ रोजी ओरिऑर्डनचे लंडनमध्ये अपघाती निधन झाले. त्या वेळच्या बातम्यांमुळेच, हे गीत आपल्या मुलाच्या मृत्यूतून जन्मले आहे हे बारा वर्षांच्या मृत मुलाच्या वडिलांना प्रथम कळले. तोवर गीत जगभर तेवीस वर्षांहून अधिक काळ गाइले जात होते. बॅड वुल्व्ह्ज या अमेरिकन वाद्यवृंदाने केलेल्या त्याच्या नव्या आविष्कारात ती स्वतः गाणार होती. तिच्या पश्चात तो प्रकाशित झाला आणि त्याच्या उत्पन्नातून अडीच लाख डॉलर तिच्या मुलांना देण्यात आले. एप्रिल २०२० मध्ये मूळ चित्रफितीने यूट्यूबवर शंभर कोटी दर्शनांचा टप्पा ओलांडला. आयरिश वाद्यवृंदाच्या बाबतीत असे प्रथमच घडले.

लिमरिकच्या हर्लिंग या खेळाच्या चाहत्यांनी हे गीत आपलेसे केले होते. २३ सप्टेंबर २०२३ रोजी पॅरिस येथे रग्बी विश्वचषकात आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेवर विजय मिळविल्यावर हजारो आयरिश प्रेक्षकांनी ते एकमुखाने गाइले. रग्बीत उत्तर व दक्षिण आयर्लंडचा एकच संघ खेळतो. त्यामुळे या गायनावरून जुना वाद नव्याने पेटला. काहींना ते हिंसेपलीकडे गेलेल्या पिढीचे लक्षण वाटले, तर काहींना उत्तरेकडील दुःखाचा विसर. मृत बालकांसाठी रचलेला विलाप विजयोत्सवाचे गीत व्हावा, यात विसंगती आहे. मात्र ज्यांनी ते गाइले त्यांपैकी पुष्कळांना बाँबस्फोटांच्या बातम्यांची सवय नव्हती, हेही तितकेच खरे आहे.