सुरक्षाप्रधान लिनक्स प्रणालींवरील दृक्‌श्राव्य सॉफ्टवेअर : स्थापना व अद्ययावतता

ध्वनिमुद्रणे व चित्रफिती ह्या निरुपद्रवी वस्तू होत, असा समज सर्वत्र आढळतो. प्रोग्रॅम चालवावयाचा असतो, चित्रफीत नुसती पाहावयाची असते. मग तिच्यापासून धोका तो कसला, असा प्रश्न सुशिक्षितांच्याही मनात येतो. गोपनीयतेसाठी मुद्दाम सुरक्षाप्रधान लिनक्स प्रणाली स्वीकारणाऱ्यांच्या बाबतीत तर हा समज अधिकच घातक ठरतो. अशा प्रणालीवर दृक्‌श्राव्य सॉफ्टवेअर कोठे बसवावे व ते अद्ययावत कसे राखावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात टेल्स व क्यूब्स ह्या दोन प्रणालींच्या आधारे करावयाचा आहे.

टेल्स ही डेबियनवर आधारलेली प्रणाली पेनड्राइव्हवरून चालते, इंटरनेटवरील सर्व दळणवळण टॉर जाळ्यातून नेते व संगणक बंद होताच मागे खूण ठेवीत नाही. २०१७ साली अमेरिकेत अल्पवयीन मुलींना धमकावणारा एक गुन्हेगार तिचा आश्रय घेऊन दीर्घकाळ अज्ञात राहिला होता. अखेर एक विशिष्ट तऱ्हेने रचलेली चित्रफीत त्याच्याकडे पोहोचविण्यात आली. टेल्सच्या व्हिडिओ प्लेयरमधील एका दोषामुळे, ती पाहताच त्याचा खरा आयपी पत्ता एफबीआयच्या हाती आला. ह्या मार्गासाठी फेसबुकने एका खासगी संस्थेस पैसे दिले होते, हे वृत्त २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. गुन्हेगार पकडला गेला हे योग्यच झाले. परंतु जो दोष त्याच्या विरुद्ध वापरता आला, तो पत्रकार वा संशोधक ह्यांच्या विरुद्धही वापरता आला असता, हे विसरून चालणार नाही.

असे दोष दृक्‌श्राव्य सॉफ्टवेअरमध्येच वारंवार का आढळावेत? प्लेयरला शेकडो स्वरूपांच्या फाइली वाचाव्या लागतात. प्रत्येक स्वरूपाचा उलगडा करणारा कोडेक वेगळा असतो, आणि वेगासाठी हे कोडेक बहुधा सी भाषेत लिहिलेले असतात. ह्या भाषेत स्मृतीच्या मर्यादा राखण्याची जबाबदारी लेखकावर असते. फाइलीने आपली लांबी खोटी सांगितली आणि कोडेकने ती पडताळली नाही, तर माहिती नेमलेल्या जागेबाहेर लिहिली जाते व फाइल रचणाऱ्याच्या आज्ञा चालू लागतात. २०१६ मध्ये ख्रिस इव्हान्स ह्या संशोधकाने जीस्ट्रीमर ह्या संचातील असा एक दोष उघड केला. निन्टेन्डोच्या जुन्या खेळयंत्राचे संगीत वाजविण्यासाठी तो संच त्या यंत्राच्या प्रोसेसरचीच नक्कल करीत असे, आणि दोष त्या नकलेत होता. जे स्वरूप कोणी क्वचितच वापरील, त्याचे दारही उघडेच राहिले होते.

आता स्थापनेकडे वळू. टेल्समध्ये नवे सॉफ्टवेअर बसवावयाचे असल्यास प्रारंभीच्या पडद्यावर प्रशासकीय पासवर्ड ठरवावा लागतो. त्यानंतर डेबियनच्या भांडारातून, टॉरमार्गेच, पॅकेज उतरते. कूटबद्ध स्थायी साठा उघडलेला असेल, तर ते पॅकेज दर वेळी बसवावे की एकदाच, असे प्रणाली विचारते. पहिला पर्याय निवडल्यास ते साठ्यात राहते, प्रत्येक प्रारंभी आपोआप बसते, आणि जाळ्याशी संबंध जुळल्यावर त्याची नवी आवृत्ती शोधली जाते. मूळच्या सॉफ्टवेअरचा नियम मात्र निराळा आहे. अंगभूत प्लेयर सुटा अद्ययावत करावयाचा नसून संपूर्ण टेल्सची नवी आवृत्तीच घ्यावयाची असते. म्हणून जो ती आवृत्ती लांबणीवर टाकतो, तो जुना दोष जवळ बाळगतो.

क्यूब्सची विचारसरणी वेगळी आहे. २०१२ साली तिची पहिली आवृत्ती आली. झेन ह्या व्यवस्थेच्या साहाय्याने ती एकाच संगणकाचे अनेक आभासी कप्पे करते. सॉफ्टवेअर कप्प्यात न बसविता त्याच्या मूळ साच्यात, म्हणजे टेम्प्लेटमध्ये, बसवावयाचे असते. कप्प्यात बसविलेले पॅकेज तो बंद होताच नाहीसे होते. टेम्प्लेटला थेट इंटरनेट नसते, केवळ अद्ययावततेपुरती एक मध्यस्थ वाट असते. फेडोराच्या टेम्प्लेटमध्ये पेटंटबद्ध कोडेक नसतात. ते हवे असल्यास आरपीएम फ्यूजन हे भांडार स्वतः चालू करावे लागते. येथे एक चूक नेहमी होते. टेम्प्लेट अद्ययावत केले म्हणजे काम संपले असे नव्हे. ते बंद करून संबंधित कप्पा पुन्हा सुरू करीपर्यंत त्यात जुनाच प्लेयर चालू असतो.

अनोळखी फाइल उघडण्यासाठी क्यूब्समध्ये एकदाच वापरून टाकून देण्याचा कप्पा मिळतो. त्यास इंटरनेट दिले नाही, तर प्लेयर फुटला तरी त्यास घरचा पत्ता ठाऊक नसतो आणि तो बाहेर कळविण्याची वाटही नसते. ह्याची किंमतही आहे : अशा कप्प्यांना सामान्यतः ग्राफिक्स कार्डाचे साहाय्य मिळत नसल्याने चित्रफितीचा सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, आणि प्रत्येक कप्पा स्मृती व्यापतो.

डेबियनच्या स्थिर आवृत्तीत प्लेयरचा क्रमांक जुना दिसतो, म्हणून अनेकजण अन्य स्थळावरून नवा प्लेयर आणतात. वस्तुतः डेबियन सुरक्षाविषयक दुरुस्त्या बहुधा जुन्याच आवृत्तीत समाविष्ट करते. भांडाराची सूची डिजिटल स्वाक्षरीने पडताळली जाते; परक्या स्थळावरील फाइलीस हे संरक्षण आपोआप लाभत नाही.

तात्पर्य असे की, कोडेक जितके थोडे तितकी दारे थोडी. जे बसविले ते स्वाक्षरीबद्ध भांडारातून यावे आणि परकी फाइल आपल्या नोंदींपासून वेगळ्या ठिकाणी उघडावी. क्षेत्रकार्यात ज्यांनी विश्वासाने आपले अनुभव ध्वनिमुद्रित करू दिले, त्यांची नावे आपल्या संगणकात असतात. अपरिचित ठिकाणाहून आलेली एखादी चित्रफीत त्या नावांच्या शेजारी उघडताना संशोधक केवळ स्वतःची नव्हे, तर त्यांचीही सुरक्षितता पणास लावीत असतो.