लग्नाच्या कॅसेटमधले चेहरे पसरट का होतात?

व्हीएचएस कॅसेटवरून डीव्हीडीवर आणि तिथून पेनड्राइव्हवर आलेले लग्नाचे चित्रण आजच्या टीव्हीवर लावले, की पाहुणेमंडळी आडवी पसरलेली दिसतात. दोष कन्व्हर्टरच्या माथी मारला जातो. पण बहुतेक वेळा त्याने सांगितले तेवढेच केलेले असते.

गैरसमज : पिक्सेल मोजले की चित्राचा आकार कळतो.

भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर चौकट सहसा ७२० × ५७६ पिक्सेलांची असते. भागाकार केला तर गुणोत्तर ५:४ येते; पण जुना टीव्ही होता ४:३. शिवाय १६:९ चे चित्रही याच पिक्सेलांत बसवतात. हे जमते, कारण इथला पिक्सेल चौरस नसतो. तो किती रुंद दाखवायचा याची खूण फाइलमध्ये लिहिलेली असते. ती वाचून प्लेअर चित्र ४:३ साठी साधारण ७६८ × ५७६ आणि १६:९ साठी १०२४ × ५७६ एवढे करून दाखवतो. १६:९ ची खूण वाटेत गळाली तर माणसे लांबुडकी होतात; ४:३ च्या चित्राला १६:९ ची खूण लागली तर पसरट. अशी फाइल बिघडली म्हणून टाकून देऊ नये. एफएफएमपेगसारखे साधन चित्र पुन्हा एन्कोड न करता नुसती खूण बदलून देते.

चित्र दाबून साठवणे ही युक्ती तशी जुनीच. गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. या पद्धतीत कॅमेऱ्याचे भिंग रुंद दृश्य आडवे निम्मे दाबून फिल्मवर बसवते आणि प्रोजेक्टरचे भिंग ते पडद्यावर पुन्हा उलगडते.

गैरसमज : एव्हीआयचे एमपी४ केले म्हणून आकार बदलला.

हे दोन्ही कंटेनर, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारे डबे आहेत; चित्राचा आकार ते ठरवत नाहीत. तो बदलतो रिझोल्यूशनच्या चुकीच्या निवडीमुळे किंवा हरवलेल्या खुणेमुळे.

गैरसमज : काळ्या पट्ट्या म्हणजे दोष, पडदा भरलाच पाहिजे.

४:३ चे चित्र १६:९ च्या पडद्यावर आणायचे तीनच मार्ग आहेत. ताणले तर प्रत्येक माणूस एक-तृतीयांशाने रुंद होतो. वरून-खालून कापले तर उंचीचा चौथा हिस्सा जातो: वर मुंडावळ्या, खाली ओंजळीतल्या अक्षता. तिसरा मार्ग पट्ट्यांचा. १९२० × १०८० च्या पडद्यावर चित्र १४४० × १०८० राहते आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेल काळे दिसतात. चित्रणातले काहीही न कापता, न ताणता दाखवणारा मार्ग हाच, आणि माझ्या मते घरच्या चित्रणासाठी दुसरा निवडूच नये. ताणलेले पुन्हा आवळता येते, कापलेले परत मिळत नाही.

मात्र पट्ट्या फाइलमध्ये कायमच्या छापायची गरज नसते. कन्व्हर्टरमध्ये मूळ गुणोत्तर कायम ठेवण्याचा पर्याय निवडून ४:३ ची फाइल ४:३ च ठेवावी. पट्ट्या टीव्ही स्वतः घालतो. छापलेल्या पट्ट्यांची फाइल पुन्हा वेगळ्या आकारात बदलली, तर त्यांच्याभोवती नव्या पट्ट्या बसतात आणि चौफेर काळ्या चौकटीत चित्र इवलेसे उरते. असे आधीच झाले असेल, तर कन्व्हर्टरच्या क्रॉप पर्यायाने फक्त काळा भाग काढावा आणि मूळ फाइल जपून ठेवावी.