शुश्रूषा करणारे हात

वृद्धाश्रमातील आजीआजोबांना न्हाऊ घालणारी, भरविणारी, कूस पालटून देणारी व्यक्ती बहुधा परिचारिका नसते, शुश्रूषा-साहाय्यक असते. दिवसभरात वृद्धांच्या अंगाला तिच्याइतका हात दुसऱ्या कोणाचाही लागत नाही; म्हणूनच एका खाटेवरचा रोग दुसऱ्या खाटेवर जाण्याची सर्वांत सोपी वाट तिच्या हातांवरून जाते. हे आम्ही तिला दूषण देण्यासाठी सांगत नाही, तर तिच्या कामाचे मोल वाचकांच्या ध्यानी यावे म्हणून सांगत आहोत.

हातांचा हा अवगुण ठळकपणे दाखवून दिला तो इग्नाझ सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टराने. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वराने दगावणाऱ्या स्त्रिया कितीतरी अधिक, कारण ते शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींकडे येत. १८४७ च्या मे महिन्यात सेमेलवाइसने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. एप्रिलमध्ये शेकडा अठरा असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये शेकडा दोनवर आले! तरीही अनेक सहकाऱ्यांना ते पटले नाही.

इस्पितळातील रोगी चार दिवसांनी घरी जातो. वृद्धाश्रम हे तर घरच. तेथे एका पंगतीत जेवण, एका खोलीत झोप. कोणाला कायमचे वेगळे ठेवणे शक्य नाही आणि योग्यही नाही. शिवाय म्हातारपणी रोग ओळखणेही अवघड असते. कित्येकदा अंगात ताप नसतो. आजोबा एकाएकी जेवण टाकतात, किंवा असंबद्ध बोलू लागतात, एवढेच. हा फरक प्रथम कळतो तो रोज भरविणाऱ्या साहाय्यकालाच, आणि तिने तो लगेच सांगितला पाहिजे.

२०२० च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील किर्कलंड येथील एका शुश्रूषागृहात करोनाची साथ पसरली. आजारी असतानाही कामावर आलेले आणि एकाहून अधिक ठिकाणी काम करणारे सेवक हे तिच्या फैलावाचे एक कारण ठरले. रजेचा पगार कापला जात असेल तर गरीब माणूस तापातही कामावर येणारच. तेव्हा भरपगारी आजारपणाची रजा हाही रोगप्रतिबंधाचाच भाग आहे, असे आमचे मत आहे.

हात केव्हा धुवावेत? वृद्धाला स्पर्श करण्यापूर्वी व केल्यानंतर, जखमेला हात लावण्यापूर्वी, मलमूत्राशी संबंध आल्यावर, इतकेच नव्हे तर नुसत्या त्याच्या चादरीला वा खाटेला हात लागल्यावरही. साबणाने धुण्यास चाळीस ते साठ सेकंद लागतात. मद्यार्काचे द्रव सोयीचे खरे; पण जुलाबाच्या काही जंतूंची बीजे त्याने मरत नाहीत, तेथे साबण-पाणीच हवे. हातमोजे घातले म्हणून धुणे टळत नाही. ते माणसागणिक बदलावयाचे आणि काढल्यावर पुन्हा हात धुवावयाचे. मळलेली चादर झटकू नये, अंगाशी धरू नये. आमच्या जुन्या सोवळ्याशी मात्र याची गल्लत नको: त्यात माणूस दूर ठेवला जाई, येथे त्याला जवळच घ्यावयाचे असते.

साहाय्यकाच्या जिवाचीही काळजी घेतली पाहिजे. तिला कावीळ-बी ची लस मिळावी. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवू नये. माणूस उचलताना कमरेत वाकल्याने पाठ जन्माची धरते. गुडघे वाकवावेत, जड माणसासाठी दुसऱ्याला हाक मारावी, आणि आजोबांना चाकाच्या खुर्चीत बसविण्यापूर्वी तिचा अडसर लावला आहे ना, हे हाताने चाचपून पाहावे.